लाकडी जमिनीचा काठ

घरात पाऊल टाकताच आपली दृष्टी भिंतींकडे, दाराखिडक्यांकडे किंवा छताकडे जाते; पायाखालच्या जमिनीकडे सहसा जात नाही. जमीन सपाट असावी, पायांना टोचू नये, एवढीच आपली तिच्याकडून अपेक्षा असते. परंतु एखाद्या कसबी सुताराला लाकडी जमीन पाहावयास सांगा. तो खोलीच्या मध्यभागी फार वेळ पाहणार नाही. तो भिंतीच्या कडेला वाकून पाहील, खांबाच्या पायथ्याशी बसेल, दाराच्या चौकटीखाली बोट फिरवील. खोलीच्या मधोमध फळीला फळी लावणे हे त्या मानाने सोपे काम आहे. कारागिराची खरी परीक्षा होते ती काठाशी.

आपल्याकडे लाकडी जमिनी काही नव्या नाहीत. पुणे, वाई, सातारा, नाशिक येथील जुन्या वाड्यांत वरचा मजला करताना खांबांवर तुळया टाकीत, तुळयांवर ठरावीक अंतराने कड्या ठेवीत आणि कड्यांवर फळ्या बसवीत. कोठे फळ्यांवर मातीचा थर देऊन ती जमीन सारवीत, तर कोठे फळ्या उघड्याच ठेवीत. मुंबईतील कित्येक जुन्या चाळींतही वरच्या मजल्यांच्या जमिनी लाकडीच असत. या कामासाठी सागवान विशेष पसंत केले जाई. कारण ते टिकाऊ असते आणि इतर पुष्कळ लाकडांच्या मानाने कमी फुगते व कमी आकसते.

असे असले तरी कोणतीही जमीन अमर नसते. पावसाचे पाणी गळून फळ्या कुजतात, त्यांना वाळवी लागते, वर्षानुवर्षांच्या वर्दळीने त्या झिजतात. मग जुन्या फळ्या काढून नव्या घालाव्या लागतात. अशा वेळी पेट्या, पलंग, टेबले बाहेर नेऊन खोली रिकामी करता येते; परंतु काही वस्तू घराशी कायमच्या बांधलेल्या असतात. वरचा भार पेलणारा खांब, दाराची चौकट, भिंतीला जोडून बसविलेले कपाट, खालच्या मजल्यावरून वर आलेला पाण्याचा नळ या वस्तू जागच्या हलत नाहीत. पुण्याचा विश्रामबागवाडा पाहावयास गेलात, तर तेथील कोरीव लाकडी खांब अवश्य पाहा. असे खांब कोणी जमिनीसाठी हलविणार नाही! जमिनीलाच त्यांच्याशी जुळवून घ्यावे लागते. हे जुळवून घेणे कसे साधते, ते आपण या पाठात पाहू.

त्यासाठी प्रथम लाकडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते आणि उन्हाळा आला की तेच दार सहज लागते, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल. दार तेच, चौकटही तीच. मग हा फरक का पडतो? लाकूड हे अतिशय बारीक नळ्यांच्या जुडग्यासारखे असते. झाड उभे असताना या नळ्यांतून पाणी वर चढते. झाड तोडले, फळ्या वाळविल्या, तरी त्या नळ्यांच्या भिंती हवेतील ओलावा शोषून घेण्याचे सोडीत नाहीत. ओलावा शोषला की त्या जाड होतात आणि फळी फुगते. हवा कोरडी झाली की ओलावा निघून जातो आणि फळी आकसते. यात एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. फळी रुंदीत पुष्कळ फुगते. लांबीत मात्र तिचा फरक जवळजवळ नसल्यासारखाच असतो.

आता थोडा हिशेब करू. एका खोलीत १५ सेंटीमीटर रुंदीच्या २० फळ्या शेजारी शेजारी घातल्या आहेत. म्हणजे जमिनीची रुंदी ३ मीटर झाली. पावसाळ्यात प्रत्येक फळी दोनशेत एक भाग फुगली असे धरू. एका फळीची वाढ पाऊण मिलिमीटर होईल. ही वाढ डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु वीस फळ्यांची मिळून वाढ १५ मिलिमीटर, म्हणजे दीड सेंटीमीटर होईल. जमीन जर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट बसविलेली असेल, तर हा दीड सेंटीमीटर कोठे जाईल? भिंत मागे सरकत नाही, खांब बाजूला होत नाही. शेवटी फळ्या एकमेकींना रेटतात, खिळे सैल होतात आणि जमिनीला मधेच फुगवटा येतो.

म्हणून पहिला नियम असा की, जमीन आणि स्थिर वस्तू यांच्यामध्ये सर्व बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवावी. आपल्या उदाहरणातील खोलीत दोन्ही भिंतींशी एकेक सेंटीमीटर जागा ठेवली, तर तो दीड सेंटीमीटर तेथे सुखाने सामावेल. खोली याहून मोठी असेल, तर जागाही त्या प्रमाणात वाढवावी लागते. नवशिक्याला वाटते की, काठ जितका घट्ट तितका तो नेटका. अनुभवी सुतार जाणतो की, आज घट्ट दिसणारा काठ येत्या श्रावणात जमीन उखडील. तो फट ठेवतो आणि मग ती फट झाकण्याची योजना करतो.

फळ्यांना नव्या घराची सवय व्हावी म्हणूनही त्याला थोडे थांबावे लागते. वखारीतून आणलेल्या फळ्या लगेच न ठोकता तो त्या त्याच खोलीत काही दिवस रचून ठेवतो. दोन थरांमध्ये तो बारीक काठ्या घालतो, म्हणजे चोहोंकडून हवा खेळते. तेवढ्या दिवसांत फळ्यांतील ओलावा खोलीतील हवेशी जुळतो. काम भर उन्हाळ्यात चालले असेल, तर फळ्या पुढे फुगणार आहेत; काम भर पावसाळ्यात चालले असेल, तर त्या पुढे आकसणार आहेत. ऋतू पाहून किती फट ठेवावयाची, हे त्याला ठरवावे लागते.

आता दुसऱ्या नियमाकडे वळू. नाचता येईना अंगण वाकडे, अशी आपल्याकडे म्हण आहे. सुतारापुढचे अंगण मात्र खरोखरच वाकडे असते! जुन्या घराची भिंत दिसावयास सरळ दिसली, तरी तिच्यात कोठे पोट आलेले असते, तर कोठे ती आत गेलेली असते. नवशिका भिंतीच्या दोन टोकांशी माप घेतो, फळीवर सरळ रेघ मारतो आणि कापतो. टोकांशी फळी बरोबर बसते. मध्ये मात्र कोठे ती भिंतीला अडते, तर कोठे बोटभर फट पडते. भिंत सरळ असेल असे मानून मारलेली ही रेघ असते. रेघ भिंतीवरूनच घेतली पाहिजे, हा दुसरा नियम होय.

ही रेघ कशी घ्यावी? त्याची एक सोपी युक्ती आहे. समजा, भिंतीजवळ शेवटची अरुंद पट्टी तेवढी घालावयाची राहिली आहे. प्रथम नवी फळी आधीच्या पूर्ण बसविलेल्या फळीवर कडेला कड मिळवून बरोबर ठेवावी. मग त्याच रुंदीचा फळीचा एक लहान तुकडा घ्यावा. तुकड्याची एक कड भिंतीला टेकवावी. दुसरी कड नव्या फळीच्या अंगावर येईल. त्या दुसऱ्या कडेला पेन्सिल लावून तुकडा भिंतीला चिकटून हळूहळू पुढे सरकवावा. भिंत जेथे पुढे येईल तेथे पेन्सिलही पुढे येईल, भिंत जेथे मागे जाईल तेथे पेन्सिलही मागे जाईल. भिंतीची सारी वळणे जशीच्या तशी फळीवर उतरतील. या रेघेवर फळी कापली की, भिंतीपासून दूर असलेला भाग त्या जागी नेमका बसतो. फट ठेवण्यासाठी तुकडा आणि भिंत यांच्यामध्ये एक सेंटीमीटर जाडीची चीप धरून तीसुद्धा बरोबर सरकवीत न्यावी, म्हणजे झाले. यात मोजपट्टी कोठेच लागली नाही, हे तुमच्या ध्यानात आले का? जेथे आकडा वाचला जात नाही, तेथे आकडा चुकतही नाही.

खांबाच्या बाबतीत युक्ती निराळी आहे. खोलीच्या मध्ये गोल खांब असेल, तर एका अखंड फळीला भोक पाडून ती खांबात घालता येत नाही. कारण खांबाचे वरचे टोक तुळईखाली असते. म्हणून दोन फळ्यांचा सांधा खांबाच्या मध्यावर येईल अशी आखणी सुतार खोलीच्या आरंभापासूनच करतो. मग प्रत्येक फळीत अर्धे वर्तुळ कापावे लागते. खांबाचा व्यास २० सेंटीमीटर आहे आणि भोवती एक सेंटीमीटर फट ठेवावयाची आहे, तर वर्तुळाचा व्यास किती घ्याल? पुष्कळ जण घाईने २१ असे सांगतात. परंतु फट दोन्ही बाजूंना आहे. म्हणून व्यास २२ सेंटीमीटर घेतला पाहिजे. खांब चौकोनी किंवा नक्षीदार असला, तर प्रथम जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून तो खांबाशी लावून पाहतात. नमुना चुकला तर पुठ्ठा वाया जातो. फळी वाया जात नाही. सागाच्या झाडापासून चांगली रुंद फळी मिळण्यास कित्येक दशके वाट पाहावी लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या काळजीचे मोल कळते.

वस्तूचीच रेघ लाकडावर घेण्याची ही विद्या इतर देशांतही आहे. जपानमधील जुन्या पद्धतीच्या इमारतींत खांब ओबडधोबड नैसर्गिक दगडावर उभा केलेला आढळतो. तेथील सुतार दगड तासून सपाट करीत नाहीत. दगडाचा प्रत्येक उंचवटा व खळगा ते खांबाच्या बुडावर आखून घेतात आणि बूडच त्या आकाराचे कोरतात. मग खांब त्या दगडावर असा बसतो की, जणू तो तेथेच उगवला आहे.

पाण्याचा नळ भिंतीजवळून वर आलेला असेल, तर फळीच्या टोकाशी नळाची जागा आखून गिरमिटाने भोक पाडतात. नळ तीन सेंटीमीटर जाडीचा असेल, तर भोक पाच सेंटीमीटरचे हवे. नंतर भोकाच्या मध्यातून फळी आडवी कापून टोकाचा तुकडा वेगळा करतात. फळी पुढून सरकवून नळाशी आणतात आणि तो तुकडा नळाच्या मागे ठेवून सरसाने पुन्हा जोडतात. तुकडा त्याच फळीचा असल्यामुळे लाकडाच्या रेषा जुळतात आणि सांधा सहसा डोळ्यांत भरत नाही. भोकाची मोकळी जागा धातूच्या किंवा लाकडाच्या चकतीने झाकली जाते.

दाराच्या चौकटीला अनेक कोन आणि पन्हळी असतात. त्या सर्वांप्रमाणे फळी कापू पाहणारा थकून जातो आणि तरीही बारीक फटी राहतातच. येथे सुतार उलट विचार करतो. फळीच्या जाडीएवढा एक तुकडा तो चौकटीला लागून खाली ठेवतो, त्यावर करवत आडवी टेकवितो आणि चौकटीचे बूड तेवढेच कापून काढतो. मग फळी चौकटीखाली सरकते आणि तिची कड दिसेनाशी होते. मात्र जुन्या घरांत कधी कधी चौकटीवर भिंतीचा भार असतो. अशी चौकट कापणे धोक्याचे असते. तेथे फळी अलीकडेच थांबवून पट्टी लावणे योग्य. उंबरा असेल, तर जमीन उंबऱ्यापाशी संपते आणि तेथेही फट व पट्टी यांचीच योजना करावी लागते.

सर्वांत कठीण प्रसंग बांधलेल्या कपाटाचा. पुष्कळदा हे कपाट जुन्या फळ्यांवरच उभे केलेले असते. त्याखालच्या फळ्या ओढून काढल्या, तर कपाट खचेल. म्हणून कपाटाच्या तोंडाशी सरळ रेघ आखून जुन्या फळ्या तेथेच कापतात. मोठी करवत या अडचणीच्या जागी चालत नाही. पूर्वी पटाशीने खाच पाडून हे काम नेटाने करावे लागे. आज विजेवर चालणारी, पाते थरथरविणारी लहान यंत्रे त्यासाठी मिळतात. साधन कोणतेही असो, पाते फळीच्या जाडीपेक्षा खोल जाता कामा नये. कारण खाली कडी असते आणि कधी विजेच्या तारा किंवा नळही असतात. काम सुरू करण्यापूर्वी त्यांची जागा पाहून घेणे व वीज बंद करणे आवश्यक आहे. कापलेल्या फळ्यांची टोके अधांतरी राहू नयेत म्हणून कडीच्या बाजूला आधाराचे लाकूड जोडतात आणि जुन्या व नव्या दोन्ही फळ्यांची टोके त्यावर टेकवितात. शेवटी कपाटाला समांतर अशी एक फळी आडवी घालतात आणि इतर फळ्यांची टोके तिच्याशी आणून थांबवितात. लुगड्याला जसा काठ, तशी ही फळी जमिनीला शोभा आणते आणि तिच्या आधारे सगळी टोके एका ओळीत येतात.

आता राहिली ती भिंतीशी ठेवलेली फट. ती झाकण्यासाठी भिंतीच्या पायथ्याशी लाकडी पट्टी लावतात. जमीन उंचसखल असेल, तर पट्टीखाली कोठे कोठे अंधारी फट दिसते. तेव्हा पट्टी जागेवर धरून कंपास घेतात. कंपासाचे टोक जमिनीवर आणि पेन्सिल पट्टीवर ठेवून, दोन्ही टोके एकाखाली एक अशी उभी राखून, कंपास पुढे ओढीत नेतात. जमिनीचा उंचसखलपणा पट्टीवर उमटतो. त्या रेघेपर्यंत रंधा मारताना हत्यार किंचित तिरपे धरतात, म्हणजे मागची बाजू थोडी अधिक जाते आणि पुढची कड जमिनीवर अलगद टेकते. ही पट्टी ठोकावयाची ती केवळ भिंतीला. जमिनीला ठोकता कामा नये. ती जमिनीलाही ठोकली, तर फळ्यांची हालचाल अडते आणि फट ठेवण्याचा सारा हेतूच फुकट जातो.

नीटनेटकेपणाच्या हौसेने काही जण याच्या उलट वागतात. फळी बसत नाही म्हणून खांबच थोडा तासतात, कडीला खोल खाच पाडतात किंवा फटीत सिमेंट भरून टाकतात. खांब व कड्या या घराचा भार वाहतात. त्यांना क्षीण करून मिळविलेला सुंदर काठ पुढे महागात पडतो. सिमेंट भरलेल्या फटीत फळीला फुगावयास जागा उरत नाही आणि तेथे ओल साचली की लाकूड कुजू लागते. पट्टीखाली दडलेली मोकळी फट दिसत नाही. परंतु जमिनीचे आयुष्य तीच राखते.

करवत आणि पटाशी ही धारदार हत्यारे आहेत. ती मोठ्या माणसांच्या देखरेखीशिवाय हाती घेऊ नयेत. लाकडाचा बारीक भुसा श्वासाबरोबर आत जाणे प्रकृतीला घातक असते. म्हणून कारागिराने नाकातोंडाला पट्टी बांधणे चांगले. तरी या विद्येची ओळख तुम्हाला पुठ्ठ्यावर करून घेता येईल. घरातील एखादा वाकडा कोपरा किंवा दगडी भिंतीचा ओबडधोबड भाग शोधा. पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्याजवळ धरा, कंपासाचे टोक भिंतीवरून फिरवा आणि पेन्सिलीने उमटलेली रेघ कात्रीने कापा. कंपास वाटेत वळू देऊ नका. त्याची दिशा आरंभापासून शेवटपर्यंत एकच राहिली पाहिजे. कापताना रेघेच्या किंचित अलीकडे कापा. जास्त राहिले तर पुन्हा काढता येते; काढलेले पुन्हा जोडता येत नाही. पुठ्ठा भिंतीशी बरोबर मिळाला, तर सुताराला काठ जुळल्यावर होणारा आनंद तुम्हालाही समजेल.

चांगल्या काठाचे रहस्य एवढेच आहे. घरात काही वस्तू स्थिर असतात आणि काही हलणाऱ्या असतात. स्थिर वस्तूचा आकार आहे तसा मान्य करावा, हलणाऱ्या वस्तूला हलण्यापुरती जागा द्यावी आणि हात चालविण्यापूर्वी दोहोंचे स्वभाव ओळखावेत. पुढे कधी जुन्या वाड्यात, एखाद्या चाळीत किंवा नाट्यगृहाच्या रंगमंचावर लाकडी जमीन दिसली, तर क्षणभर थांबून तिच्या काठाकडे पाहा. तो काठ जुळविणाऱ्या कारागिराचे नाव कोठेही लिहिलेले नसते. त्याचे कसब मात्र तेथे ऋतूमागून ऋतू टिकून राहिलेले असते.